चेनसॉ वाकडी कापते आणि भुसा पिठासारखा पडतो: नवीन बार घ्यायच्या आधी हे क्रमाने बघा

मशीन एका झटक्यात चालू होतं, आवाज ठणठणीत, रेस दिली की चेन पण जोरात फिरते, पण लाकडात घातलं की काप एका बाजूला वळत जातो आणि बार (ज्याच्या कडेवरून चेन फिरते ती लांब पोलादी पट्टी) कापातच अडकून बसतो. दर तोडीच्या हंगामात हा प्रॉब्लेम घेऊन कुणी ना कुणी माझ्याकडं येतंच, आणि त्यातले निम्मे लोक आधीच ठरवून आलेले असतात की बार गेला, नवीन घ्यायला लागणार. मी आत्तापर्यंत हा फॉल्ट इतक्या वेळा सोडवलाय की आता क्रम पाठ झालाय, आणि बहुतेक वेळा काम पहिल्या चार-पाच तपासण्यांतच निपटतं, म्हणून तो क्रम इथं सविस्तर लिहून ठेवतोय. बुंध्यालगत तोडून खुंटावरून पुन्हा फुटवा घेणारे (कॉपिसिंग करणारे) आणि जिवंत कुंपणाची झाडं अर्धवट कापून आडवी घालणारे, या दोघांच्या मशीनला हा त्रास जास्त होतो. त्याचं कारण पुढं दातांच्या भागात सांगितलंय, ते वगळू नका.

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर तुमचा फॉल्ट हाच आहे.

- काप सरळ उतरत नाही, जाड ओंडक्यात चंद्रकोरीसारखा वळतो, आणि ओंडक्याचा भार कापावर नसतानाही बार आवळला जातो
- बारीक पीठ पडतं, ढलप्या पडत नाहीत
- मशीन दाबावं लागतं, मनगट आणि खांदा भरून येतो
- कापातून धूर, जळका वास, बारच्या कडेला निळसर-काळपट पट्टा
- चेन सारखी सैल होते, दिवसातून चार-पाच वेळा ताणावी लागते
- आत्ताच धार लावलीय तरी दहा काप झाले की परत तेच

इंजिनच रेस घेत नसेल किंवा तापल्यावर बंद पडत असेल तर तो कार्ब्युरेटर, एअर फिल्टर, फ्युएल लाइनचा विषय आहे, तो वेगळा. इथं फक्त कापणाऱ्या बाजूचं बघतोय.

आणि सुरू करायच्या आधी: इंजिन बंद, प्लगची कॅप काढून बाजूला, मशीन गार झालेलं, हातात जाड मोजे. तेलाची तपासणी आणि चाचणीचे काप सोडले तर खालचं एकही काम चालू मशीनवर करायचं नाही. बंद मशीनची चेनसुद्धा हातानं ओढताना बोट चिरते, हे मी चांगल्या अनुभवी लोकांच्या बाबतीत बघितलंय.

आधी भुसा हातात घेऊन बघा

याला पैसे लागत नाहीत, पाना लागत नाही, आणि अर्धं निदान इथंच होतं. दोन-तीन काप घ्या, मूठभर भुसा उचला आणि तळहातावर पसरा. धारदार चेन लाकूड सोलते, त्यामुळं चौकोनी, जरा जाडसर ढलप्या मिळतात. बोथट चेन लाकूड घासते, त्यामुळं पीठ मिळतं.

पीठ पडतंय पण काप सरळ आहे, तर सगळे दात सारखेच बोथट झालेत, किंवा दातांपुढचे उंचवटे वाढलेत. पीठ पडतंय आणि काप वाकडा पण आहे, तर एका बाजूचे दात मेलेत. ढलप्या छान पडतायत तरी काप वाकडा जातोय, तर दातांच्या लांबीत फरक आहे किंवा मग बार. आणि ढलप्या छान, काप सरळ, तरी धूर येतोय, तर सरळ तेलाकडं जा.

फक्त एक लक्षात ठेवा, उभं वाळलेलं लाकूड कापताना चांगली चेनसुद्धा बारीक भुसा काढते, आणि रेषेच्या दिशेनं उभं चिरताना लांब धागे निघतात, त्यामुळं ही परीक्षा ओल्या लाकडावर आडवा काप घेऊनच करायची.

चेन आणि बार एकमेकांचे आहेत का

नवीन चेन घातल्या दिवसापासूनच वाकडं कापत असेल तर सगळ्यात आधी हे बघा. बारच्या मागच्या टोकाला, जिथं तो नटाखाली बसतो तिथं, पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात, जसं ३/८ किंवा ०.३२५), गेज आणि ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची) संख्या कोरलेली असते. गेज म्हणजे याच ड्राइव्ह लिंकची जाडी, आणि ती १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलीमीटर असते. आता १.५ च्या बारवर १.३ ची चेन चढवली तर ती चढते, फिरते, कापते सुद्धा, कुणाला काही कळत नाही, पण खाचेत तिला डोलायला जागा मिळते आणि प्रत्येक काप कुठल्यातरी बाजूला झुकतो. एका गाडीत चार-पाच मशीनं आणि एकाच पेटीत सगळ्यांच्या चेन असल्या की ही अदलाबदल हमखास होते. पेटीतल्या प्रत्येक चेनला रंगीत वायरीचा तुकडा बांधून ठेवा, ज्या मशीनची चेन त्या मशीनवर त्याच रंगाची टेप.

ताण

सैल चेन बारवर डोलते आणि डोलणारी चेन सरळ कापूच शकत नाही. चेन ब्रेक सोडा, बारचे नट थोडे ढिले करा, बारचं टोक हातानं वर उचलून धरा आणि तसंच धरून ताण द्या, मग टोक न सोडताच नट आवळा. टोक न उचलता आवळलं तर पहिल्या कापातच बार वर सरकतो आणि चेन परत सैल, आणि "सारखी सैल होते" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच असतं. बरोबर ताण म्हणजे खालच्या बाजूनं चेन बारला चिकटलेली, पण हातानं ओढली की मोकळी फिरणारी.

गरम चेन लांबते, म्हणून काम चालू असताना ताणावी लागते हे खरं, पण काम संपलं की परत सैल करून ठेवायची. तशीच ठेवली तर गार होताना ती आक्रसते आणि बार, क्रँकशाफ्ट, बेअरिंग सगळ्यावर ओढ येते.

बार काढा, साफ करा, उलटा करून लावा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे आणि लोक नेमकी हीच करत नाहीत.

बार बाहेर काढला की त्याच्या कडेची, चेन बसते ती खाच बघा. तेल आणि भुसा मिळून तिथं काळा, घट्ट लगदा बसलेला असतो, खुंटाजवळ काम केलेलं असेल तर त्यात माती पण. पातळ पत्र्याची पट्टी घेऊन खाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरवडून काढा. हा लगदा वाढला की ड्राइव्ह लिंक त्याच्यावर चढून चालतात, चेन खाचेत पूर्ण बसत नाही आणि कलंडते. मागच्या बाजूला तेलाचं बारीक भोक असतं, ते तारेनं मोकळं करा. दोन्ही बाजूंना असतं, दोन्ही करा. मशीनच्या बाजूला जिथून तेल बाहेर येतं तिथला मळ पण पुसून घ्या. टोकाला चाक असेल तर बोटानं फिरवून बघा, अडखळतंय का, खरखर करतंय का.

आता बार उलटा करा, म्हणजे वरची कड खाली, आणि तीच चेन तशीच लावून एक काप घ्या.

काप आधी डावीकडं जात होता आणि आता सरळ आला किंवा उजवीकडं जायला लागला, तर दोष बारमध्ये. कारण कापायचं काम खालची कड करते, ती झिजलेली कड आता वर गेली. काप अजूनही डावीकडंच जातोय, तर बार निर्दोष आहे, दोष चेनमध्ये. एवढीशी गोष्ट, पण यानं पुढचं सगळं काम निम्मं होतं आणि चांगला बार टाकून देण्याची वेळ येत नाही.

हे फक्त दोष शोधायला नाही, एरवी पण करत राहायचं. दर वेळी चेन उतरवली की बार उलटा करून लावायचा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. लिहिलेली अक्षरं उलटी दिसतात म्हणून काही जण टाळतात, पण बार दोन्ही बाजूंनी चालावा म्हणूनच बनवलेला असतो.

तेल पोचतंय का

बार लावून मशीन चालू करा, टोक एखाद्या फिकट रंगाच्या खुंटावर किंवा पुठ्ठ्यावर वीतभर अंतरावर धरा, चेन टेकू द्यायची नाही, आणि मध्यम रेस द्या. थोड्याच वेळात पुठ्ठ्यावर तेलाच्या थेंबांची बारीक रेघ उमटली पाहिजे. उमटत नसेल तर चेन कोरडी फिरतेय. दुसरी रोजची खूण अशी की पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकी पण जवळजवळ तळाला आलेली असते. पेट्रोल संपलं आणि तेल अर्धं तसंच शिल्लक, तर कुठंतरी अडलंय.

कोरडी चेन वाकडी का कापते? ती बारच्या कडा खाते. आणि दोन्ही कडा कधीच सारख्या खाल्ल्या जात नाहीत, ज्या बाजूला जास्त दाब ती आधी जाते. म्हणजे आजचा तेलाचा प्रॉब्लेम दोन आठवड्यांनी वाकड्या कापाचा प्रॉब्लेम होऊन समोर येतो, आणि तोपर्यंत मूळ कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

वापरलेलं इंजिन ऑइल चेनला घालू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. त्यात धातूचे कण असतात, ते चिकटून राहत नाही, आणि फिरत्या चेनवरून उडणारा त्याचा फवारा तुमच्या अंगावर, फुफ्फुसात आणि ज्या खुंटाला उद्या फुटवा यायचाय त्याच्या मातीत जातो. चेनचं तेल मुद्दाम चिकट बनवलेलं असतं, म्हणजे ते चेनच्या वेगानं उडून न जाता बारच्या टोकाला वळसा घालून खालच्या कडेपर्यंत पोचतं. वनस्पती तेलावर आधारित चेन ऑइल जंगलात उत्तमच, फक्त हंगाम संपल्यावर मशीन महिनोन् महिने ठेवायचं असेल तर ते टाकीत ठेवू नका, घट्ट होऊन पंप आणि नळी धरतं.

दात: इथं वेळ द्या

बार उलटा करूनही काप त्याच बाजूला गेला असेल तर उत्तर शंभरातल्या नव्वद वेळा इथं सापडतं.

चेनवर एक दात डावा, एक उजवा असे आलटून पालटून असतात. या रचनेमागची गोष्ट मला फार आवडते. जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्यानं १९४६ साली एका खुंटात लाकूड पोखरणारी अळी बघितली, ती रेषेच्या दिशेनं आणि आडवं दोन्हीकडं सहज जात होती, कारण तिचे दोन जबडे डावीकडं-उजवीकडं आळीपाळीनं कापत होते. त्यावरून त्यानं आजच्या चेनचा दात बनवला आणि १९४७ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये तिचा कारखाना काढला. त्या आधीच्या चेनचे दात हातकरवतीसारखे, सतत धार मागणारे होते. तर मुद्दा हा की दोन्ही जबडे सारख्या ताकदीचे असतील तरच अळी सरळ जाते. डावे दात बोथट आणि उजवे धारदार, तर उजवे दर फेरीत थोडं जास्त लाकूड काढतात आणि बार उजवीकडं ओढला जातो. साधा नियम लक्षात ठेवा: काप ज्या बाजूला वळतो त्या बाजूचे दात लांब किंवा धारदार आहेत, आणि आजार उलट्या बाजूच्या दातांत आहे.

आता खुंटाजवळच्या कामाचं. बुंध्यालगत तोडताना आपण मशीन आडवं धरतो, बार जमिनीला समांतर. त्या वेळी चेनच्या एका बाजूचे सगळे दात जमिनीकडं तोंड करून असतात आणि दुसऱ्या बाजूचे आकाशाकडं. पावसानं उडालेली माती बुंध्याच्या खालच्या वीतभर सालीत बसलेली असते, जुन्या खुंटाच्या फाट्यांमध्ये खडे अडकलेले असतात, पालापाचोळ्याखाली तर काय असेल सांगता येत नाही. हे सगळं जमिनीकडचे दात खातात. आपण सवयीनं नेहमी एकाच बाजूनं मशीन आडवं करतो, म्हणून नेहमी त्याच बाजूचे दात मरतात. आणि मग वरचे दात धारदार राहिल्यामुळं काप हळूहळू वर चढायला लागतो. खुंट तोडताना काप वर चढतोय असं दिसलं की थांबा, नेमका हाच प्रकार चाललाय. खुंटाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवायचा असतो, म्हणजे पाणी साचत नाही आणि कुजत नाही, तो उतार मग आपल्या हातात राहत नाही. उंच, वाकडे, फाटलेले खुंट मागं राहतात आणि फुटवा पण मग वरून, कमजोर जागेवरून येतो.

बघायचं कसं? चेन उन्हात किंवा बॅटरीच्या उजेडात धरा आणि दाताच्या कटाच्या धारेकडं सरळ बघा. धारदार कडेला उजेड दिसतच नाही, ती काळी दिसते. बोथट कडेवर पांढरी बारीक रेघ चमकते, केसाएवढी का असेना, ती रेघ म्हणजे गोल झालेली धार. एक डावा बघा, एक उजवा बघा, असं चार-पाच जोड्या बघा. मी दाखवल्यावर लोकांना पटकन दिसतं की एका बाजूला सगळीकडं चमक आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही.

मग लांबी. व्हर्नियर असेल तर उत्तम, नसेल तर कागदाच्या पट्टीवर सगळ्यात लहान दाताची लांबी पेनानं खूण करून घ्या आणि ती पट्टी प्रत्येक दाताला लावत जा. ज्याचा हात एका बाजूला चांगला चालतो त्याच्या चेनवर त्या बाजूचे दात हमखास वेगळे निघतात, कारण सोयीच्या बाजूला कानस जोरात बसते आणि गैरसोयीच्या बाजूला नुसती सरकते. आमच्या टोळीतल्या एका जवळच्या सहकाऱ्यानं एका हंगामात नवीन बार आणि नवीन चेन दोन्ही घातलं आणि दहा दिवसांत काप परत वळायला लागला. बसून मोजलं तर डाव्या आणि उजव्या दातांत एक मिलीमीटरच्या वर फरक. सामान निर्दोष होतं, धार लावायची पद्धत बदलायला हवी होती. त्यानंतर तो गैरसोयीची बाजू आधी करतो, हात ताजा असताना, आणि मग सोयीची बाजू तिच्या बरोबरीला आणतो.

धार लावताना: सगळ्यात लहान किंवा सगळ्यात खराब दातापासून सुरुवात, त्याला मार्करनं खूण, आणि बाकी सगळे दात त्याच्या लांबीला आणायचे. मन दुखतं, चांगले दात घासावे लागतात, पण दुसरा मार्ग नाही. बार शिकंजात (व्हाइसमध्ये) घट्ट पकडा, जंगलात असाल तर खुंटात खाच पाडून त्यात बार ठोकून बसवा. कानस गोल आणि मापाची हवी: ३/८ लो प्रोफाइल चेनला ४.० मिलीमीटर, ०.३२५ ला ४.८, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५, ते कंपनीवर आहे, चेनच्या डब्यावर लिहिलेलं असतं. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे, बाकी आत. कोन बहुतेक चेनना ३० अंश, दाताच्या वर एक रेघ कोरलेली असते तिला समांतर. आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. मागं-पुढं घासलं की कानस पण मरते आणि दाताची धार पण दुमडते.

दगडाला लागलेल्या दाताबद्दल एक गोष्ट. दाताच्या बाहेरच्या पृष्ठभागावर क्रोमचा पातळ थर असतो, खरी धार तोच धरतो. दगडानं कोपऱ्यावरचं क्रोम खरवडलं गेलं असेल तर नुसते दोन-तीन हात मारून दात चकचकीत दिसतो, पण कोपरा नंगाच राहतो, आणि दहा कापांत परत बोथट. "धार टिकतच नाही" ही तक्रार बहुतेक याचीच असते. क्रोम अखंड दिसेपर्यंत मागं घासत जायचं, मग त्यात दाताचा पाव भाग गेला तरी जाऊ द्या.

दातावर मागच्या बाजूला झिजेची खूण असते, तिथपर्यंत घासला गेला की चेन संपली. खूण दिसत नसेल तर सगळ्यात लहान दात ४ मिलीमीटरच्या खाली आला की मी चेन काढून टाकतो. त्याच्यापुढं दात तुटून उडू शकतो, आणि तो कुठं जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

दातापुढचा उंचवटा

प्रत्येक दाताच्या पुढं एक लहान टेकाड असतं, त्याला डेप्थ गेज म्हणतात. दात किती खोल घुसणार ते हे टेकाड ठरवतं. धार लावत गेलं की दात मागं सरकतो आणि वरून उतार असल्यामुळं बुटका होतो, टेकाड मात्र तेवढंच राहतं. मग दात कितीही धारदार करा, टेकाड लाकडावर टेकतं आणि दात हवेत राहतो, परत पीठच. डाव्या-उजव्या टेकाडांत फरक पडला तर काप वाकडा, ज्या बाजूचं टेकाड खाली ती बाजू जास्त घुसते.

३/८ लो प्रोफाइल, ०.३२५ आणि बऱ्याच ३/८ चेनला दात आणि टेकाड यांच्यात ०.६५ मिलीमीटर फरक लागतो. गेजची पट्टी (टेकाडाची उंची तपासायची, फट असलेली पट्टी) दातांवर ठेवायची, फटीतून टेकाड वर आलं तर सपाट कानशीनं तेवढंच घासायचं, आणि मग पुढचा कोपरा पूर्वीसारखा गोल करायचा. तीन-चार वेळा धार लावली की एकदा हे करायचं. पट्टी नसेल तर हे काम करू नका, अंदाजानं तर अजिबात नाही. टेकाड जास्त उतरवलं की दात एकदम खोल घुसतात, मशीन हिसके देतं आणि किकबॅकचा (मशीन अचानक उसळून अंगावर येण्याचा) धोका सरळ वाढतो. "जरा जास्त घासलं की भराभर कापतं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

जुन्या कुंपणातली तार

जिवंत कुंपणावर काम करणाऱ्यांनी चेनला दोष द्यायच्या आधी लाकूड बघावं. जुन्या झाडांनी काटेरी तार, खिळे, यू-क्लिपा गिळलेल्या असतात आणि वरून साल पूर्ण बंद झालेली असते. कापात किंवा सालीवर निळा-काळा डाग दिसला, विशेषतः ओकसारख्या टॅनिन (लाकडातला तुरट पदार्थ) जास्त असलेल्या लाकडात, तर आत लोखंड आहे असं समजा, लोखंड आणि टॅनिन मिळून तो रंग होतो. तिथं हातकरवत किंवा कोयता घ्या. झाड आडवं घालायला बुडाशी जो तिरका काप लागतो तो बारीक झाडांना कोयत्यानंच चांगला होतो, धरून ठेवणारी सालीची पट्टी पण शाबूत राहते. आणि बुंध्याची माती ताठ ब्रशनं झाडून मग मशीन लावा, अर्धा मिनिट जातो, अर्ध्या तासाची धार वाचते.

बारच्या कडा

बार उलटा केल्यावर काप बदलला होता, म्हणजे दोष इथं आहे. तर्जनी कडेवरून हलकेच बाहेरच्या बाजूनं फिरवा (मोजा घालूनच), खरखरीत दुमडलेली कोर लागेल. ती सपाट कानशीनं काढा. मग लोखंडी पट्टी घ्या, बारच्या अंगाला आणि चेनच्या एका दाताला एकाच वेळी टेकवा. पट्टी आणि बारचं अंग यांच्यात फट दिसली तर कडा ठीक. फट नाही, चेन कलंडून पट्टी बारला पूर्ण टेकतेय, तर खाच रुंद झालीय किंवा एक कड बुटकी झालीय. बुटकी-उंच असेल तर दोन्ही कडा काटकोनात घासून सारख्या करता येतात, त्यासाठी कानस धरायचं साधन मिळतं, किंवा मिस्त्री ग्राइंडरवर करून देतो. खाच रुंद झाली असेल तर काही जण ठोकून आवळतात, माझा अनुभव असा की ती थोड्या दिवसांत परत पसरते. बदला. ड्राइव्ह लिंकची टोकं खाचेच्या तळाला लागत असतील किंवा कडेला निळे पट्टे पडून तुकडे निघत असतील, तरी पण बदला. हा एकच प्रसंग आहे जिथं नवीन बार घेणं बरोबर आहे.

स्प्रॉकेट, क्लच, पंप: इथं बहुतेकांनी थांबावं

स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) चेननं पाडलेली खाच अर्धा मिलीमीटरच्या वर खोल गेली असेल तर ते गेलं, नवीन चेन त्याच्यावर चढवली तर ती पण लवकर ताणली जाते. दोन चेन संपल्या की स्प्रॉकेट बदलायचं हा माझा हिशोब आहे. ड्रम बाहेरच्या बाजूला असेल आणि नुसती क्लिप काढून निघत असेल तर घरी करा, बेअरिंगला ग्रीस लावून परत बसवा. क्लच बाहेर असेल तर तो बऱ्याच मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सुटतो, आणि पिस्टन अडवायला योग्य साधन लागतं. स्क्रूड्रायव्हर घालून, हातोडा मारून क्लच काढलेली मशीनं मी बघितलीत, पिस्टनवर ओरखडे, क्लच फुटलेला. साधन नसेल तर मिस्त्रीकडं द्या.

तेल येत नसेल आणि बारची भोकं मोकळी असतील, तर टाकीतली जाळी आणि टाकीची हवेची वाट साफ करण्यापर्यंत तुमचं काम. त्यापुढं पंप, त्याचा फिरकीचा गिअर, आतली नळी, हे उघडू नका.

आणि खालीलपैकी काहीही दिसलं तर तपासणी पण थांबवा आणि ते मशीन कुणाला वापरू देऊ नका: चेन ब्रेक ओढल्यावर चेन जागच्या जागी थांबत नाही, रेस सोडल्यावर पण चेन फिरत राहते, चेन कॅचर (चेन तुटली किंवा निसटली तर तिला अडवणारा भाग) तुटलाय, एखाद्या दाताला किंवा लिंकला तडा आहे, रिव्हेट हलतोय, बारचा बोल्ट फिरतोय. तडा गेलेली चेन तर दुरुस्तीला पण देऊ नका, कापून दोन तुकडे करून भंगारात टाका, म्हणजे पेटीत परत कुणाच्या हाताला लागणार नाही.

मिस्त्रीकडं देताना बार आणि चेन मशीनसोबतच द्या, धुऊन पुसून चकचकीत करून नको, आहे तसं. काप कुठल्या बाजूला जातो, बार उलटा केल्यावर काय झालं, आणि पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली की नाही, हे तीन मुद्दे कागदावर लिहून मशीनला बांधा.